जुन्या लॅपटॉपवर नवीन विंडोज टाकू की नको?

जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकू का असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, त्रास काय होतोय? आणि उत्तर जवळपास ठरलेलं असतं, स्लो झालाय रे, बटण दाबल्यावर सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घेतो, क्रोम उघडलं की हँग. म्हणजे हवाय स्पीड आणि विचारतोय ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल, इथेच सगळा घोळ आहे. नवीन विंडोज टाकल्याने जुना लॅपटॉप फास्ट होत नाही, उलट बऱ्याचदा आणखी रडायला लागतो. नवीन विंडोज टाकायचं खरं कारण सिक्युरिटी, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याची कोणाला घाईच वाटत नाही. तर आधी हे दोन प्रश्न सुटे करू, मग तुमच्या लॅपटॉपचं काय करायचं ते बरंचसं आपोआप ठरेल.

सिक्युरिटीपासून सुरू करतो. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये आणि त्याचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही, स्क्रीनवर कुलूप येत नाही, फाइली उडत नाहीत. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला तरी ती मशीन आजही कुठे कुठे सुरू आहेत. संपतं ते एवढंच, की दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट जे सिक्युरिटी अपडेट सोडतं ते तुम्हाला यायचं थांबतं. आता ते अपडेट नक्की काय करतं ते समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कोट्यवधी ओळींचा कोड, आणि एवढ्या कोडमध्ये चुका राहणारच. त्यातल्या काही चुका अशा असतात की बाहेरून कोणीतरी मुद्दाम वाकडीतिकडी बनवलेली फाइल किंवा नेटवर्कवरचा मेसेज पाठवला की त्याला तुमच्या मशीनवर हवं ते चालवता येतं. अशी चूक सापडली की कंपनी ती दुरुस्त करून अपडेट सोडते. गंमत अशी की अपडेट आलं की ते फक्त आपल्यालाच मिळत नाही, वाईट लोकांनाही मिळतं. ते अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा कोड शेजारी शेजारी ठेवून बघतात की नेमकं काय बदललं, आणि जे बदललं तिथेच भोक होतं हे उघड होतं. विंडोज १० आणि ११ चा खूपसा कोड एकच आहे, त्यामुळे ११ साठी बुजवलेलं एखादं भोक १० मध्येही असण्याची शक्यता बरीच, आणि तिथे ते आता उघडंच राहणार. म्हणून सपोर्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काही होत नाही पण धोका महिन्यामहिन्याने साठत जातो.

याचं जगाने बघितलेलं उदाहरण म्हणजे मे २०१७ चं वॉनाक्राय. फाइली लॉक करून पैसे मागणारं हे प्रकरण विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका चुकीतून घुसायचं आणि एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपलं आपण पसरायचं, कोणी लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. ब्रिटनमधली सरकारी हॉस्पिटलं त्यात अडकली, ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. आणि या चुकीचं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच सोडलेलं होतं! ज्यांनी ते टाकलं होतं ते या मार्गाने होणाऱ्या लागणीतून वाचले. फसलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट असलेली, फक्त अपडेट न टाकलेली. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलेला, पण प्रकरण इतकं पेटलं की मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीसुद्धा घाईघाईने अपडेट सोडावं लागलं. तसं नेहमी होईल या भरवशावर बसू नका.

यावर हमखास येणारं वाक्य म्हणजे, माझ्याकडे अँटीव्हायरस आहे ना. असू दे, चांगलंच आहे, विंडोज १० मध्येच येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसला व्हायरस ओळखायची नवीन माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण अँटीव्हायरस आलेल्या-गेलेल्यावर नजर ठेवतो, विंडोजमधलं भोक तो बुजवत नाही. काही हल्ले तो पकडेल, काही त्याच्या खालून जातील.

मग घाबरून उद्याच अपग्रेड करायचं का? नाही. तुम्ही त्या लॅपटॉपवर करता काय यावर ते आहे. बँकेचे व्यवहार, मेल, ऑफिसचं काम, घरातल्या सगळ्यांच्या फोटोंचा साठा, हे असेल तर सपोर्ट नसलेली सिस्टीम वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेच जर तो लॅपटॉप एखाद्या जुन्या मशीनला जोडलेला असेल, किंवा एकच जुनं सॉफ्टवेअर चालवायला ठेवलेला असेल आणि वायफाय बंदच असेल, तर त्याला हात लावू नका, आहे तसा चालू द्या. इंटरनेट नाही, बाहेरचे पेन ड्राइव्ह नाहीत, तर धोका खूप कमी आणि अपग्रेड करून ते जुनं सॉफ्टवेअर बंद पडायची शक्यता मात्र खरी.

आता स्पीड. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लोकांचा पैसा आणि वेळ इथेच वाया जातो. लॅपटॉप स्लो आहे म्हणून फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकणं म्हणजे बहुतेक वेळा आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. आजार कुठे आहे ते बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. लॅपटॉप सुरू करा, डेस्कटॉप आला की लगेच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स वर क्लिक करा. वर चार कॉलम दिसतील, सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. आता काहीही न करता दोन मिनिटं नुसतं बघत बसा.

जुन्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा दिसतं ते असं, सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर निवांत, आणि डिस्क लालभडक १०० टक्के. पण पुढचं बघा. परफॉर्मन्स टॅबमध्ये जाऊन डिस्कवर क्लिक केलं की खाली रीड स्पीड दिसतो, आणि तिथे १०० टक्के बिझी असलेली डिस्क सेकंदाला जेमतेम एखाद एमबी वाचत असते, कधी तर काहीशे केबी. १०० टक्के काम आणि एवढंसं वाचन, हे कसं काय? कारण आत खरोखरची फिरणारी तबकडी आहे. लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, त्याआधी हेडला त्या जागेवर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. मिळून एका तुकड्याला पंधरा-सतरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठेक तुकडे. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून मागत असतं, प्रत्येक तुकडा चार-आठ केबीचा, मग करा हिशोब. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते.

त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० दिसत असेल आणि आत हार्ड डिस्क असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार बाजूला ठेवा आणि आधी एसएसडी टाका. हा एकच बदल जुन्या लॅपटॉपचा असा काही नूर पालटतो की बऱ्याच लोकांचा नवीन लॅपटॉप घ्यायचा विचारच मावळतो. अगदी २०१२-१३ च्या लॅपटॉपमध्येसुद्धा अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी बसते, त्यात काही जुगाड लागत नाही.

दुसरी संशयित रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ८५-९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय, आणि रॅम कमी पडली की विंडोज तात्पुरता माल डिस्कवर टाकायला लागतं, म्हणजे परत तीच बिचारी डिस्क. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी रॅम पुरते. कागदावर! ४ जीबीत ते सुरू होतं हे खरं, पण ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की त्याची दमछाक होते. माझ्या मते ८ जीबीच्या खाली विंडोज ११ टाकूच नये. रॅम वाढवता येते का ते परफॉर्मन्स टॅबमध्येच मेमरीवर क्लिक करून कळतं, खाली स्लॉट्स यूज्ड समोर १ ऑफ २ असं दिसलं तर एक जागा बहुधा रिकामी आहे. फॉर्म फॅक्टरसमोर सोडिम लिहिलं असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते, रो ऑफ चिप्स लिहिलं असेल तर ती बोर्डवरच चिकटवलेली आहे, मग विषय संपला. आणि घेताना डीडीआर३ आहे का डीडीआर४ ते बघून घ्या, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही.

हे सगळं करून झालं, किंवा तुमचा लॅपटॉप आधीच ठीकठाक चालतोय, असं धरून पुढे जाऊ. विंडोज ११ त्यावर चालणार का? मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप आहे, ते चालवलं की हो किंवा नाही सांगतं आणि नाही असेल तर का नाही तेही सांगतं. बहुतेक नकार दोन कारणांनी येतात, टीपीएम आणि प्रोसेसर, आणि या दोन नकारांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारा सुरक्षित भाग. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, केली असेल तर तिची किल्ली तो सांभाळतो, म्हणजे कोणी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी त्याला आतलं वाचता येत नाही. विंडोज ११ ला टीपीएमचं २.० व्हर्जन लागतं. आता बघा, २०१६ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते असतंच पण वेगळी चिप म्हणून नाही तर प्रोसेसरसोबतच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि कधी कधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ते नुसतं बंद करून ठेवलेलं असतं. हेल्थ चेक म्हणतं टीपीएम नाही आणि माणूस निराश होऊन बसतो. आधी विंडोज आणि आर बटण दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप करून बघा. तिथे सापडलं नाही तर लॅपटॉप रीस्टार्ट करताना एफ२ किंवा डिलीट किंवा कंपनीप्रमाणे जे काही बटण असेल ते दाबून बायोसमध्ये जा, सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्ड मध्ये शोधा. इंटेल असेल तर पीटीटी आणि एएमडी असेल तर एफटीपीएम अशा नावाने ते असतं, डिसेबल्ड आहे ते एनेबल्ड करा, सेव्ह करून बाहेर या. तिथेच सिक्युअर बूटही दिसेल, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टीमच चालू देणारी सोय, आणि तिला यूईएफआय नावाचा सुरू होण्याचा नवा मोड लागतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. जुनं विंडोज लेगसी, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या मोडमध्ये टाकलेलं असेल आणि तुम्ही बायोसमध्ये थेट यूईएफआय करून टाकलं तर विंडोज सुरूच होणार नाही, कारण डिस्कची आतली मांडणी जुन्या पद्धतीची असते. ती बदलायला विंडोजमध्येच एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल आहे, आधी ते चालवायचं आणि मग बायोसमध्ये मोड बदलायचा. हा क्रम उलटा केला तर घाबरू नका, मोड परत लेगसी केला की विंडोज परत येतं, पण फुकटचा घाम फुटतो.

प्रोसेसरचा नकार मात्र बायोसमध्ये जाऊन सुटत नाही. इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या जनरेशनपासून पुढचे प्रोसेसर यादीत आहेत. नाव बघून कळतं, आय५-६२००यू म्हणजे सहावी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी, डॅशनंतरचा पहिला आकडा किंवा पहिले दोन आकडे बघायचे. एएमडीत नावं फसवी आहेत, रायझन ५ २५००यू यादीत नाही आणि ३५००यू आहे. सातवी जनरेशन एखाददुसरा अपवाद सोडला तर बाहेर. त्यामुळे होतं काय, की आय७-७७००एचक्यू सारखा चार कोरचा दणकट प्रोसेसर, जो आजही व्हिडिओ एडिटिंगचं बरंच काम ओढतो, तो नापास आणि सेलेरॉन एन४०००, ज्याला धड दोन खिडक्या एकत्र सांभाळवत नाहीत, तो पास. म्हणून हेल्थ चेकचा हिरवा टिक बघून हुरळून जाऊ नका, तो टिक फक्त चालेल एवढंच सांगतो, नीट चालेल असं कुठेही म्हणत नाही. सेलेरॉन, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीचं चिकटवलेलं स्टोरेज असलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ म्हणजे आगीतून फुफाट्यात, तिथे पुढच्या मोठ्या अपडेटलाच जागा पुरायची मारामार.

यादीत नसलेल्या प्रोसेसरवर विंडोज ११ टाकायच्या पळवाटा आहेत आणि लोक सर्रास वापरतात. रुफस नावाच्या टूलने पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी काढून टाकायचा पर्याय मिळतो, सेटअप मग निमूट पुढे जातो. चालतं का? बऱ्याच मशीनवर छान चालतं. पण मायक्रोसॉफ्ट स्वच्छ सांगतं की अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नाही, आणि दरवर्षीचं मोठं व्हर्जन अशा मशीनवर सहसा आपोआप येत नाही, दर वेळी हाताने तीच कसरत. शिवाय अट वाढूही शकते, २०२४ च्या २४एच२ व्हर्जनने एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या प्रोसेसरच्या सूचना सक्तीच्या केल्या आणि पळवाटेने चालणारी कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरची मशीन कायमची बाहेर फेकली गेली, तिथे कुठलीही युक्ती चालत नाही कारण ती सूचना प्रोसेसरमध्येच नाही. स्वतःच्या खेळायच्या लॅपटॉपवर करायचं तर खुशाल करा, मजाही येते. पण ज्यांना काही बिघडलं तर तुम्हालाच फोन करावा लागतो अशा आई-बाबांच्या लॅपटॉपवर मी हे करणार नाही.

मग सहाव्या-सातव्या जनरेशनवाल्यांनी काय करायचं? सगळ्यात बिनडोकेफोड उपाय म्हणजे एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, विंडोज १० लाच आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, फक्त सिक्युरिटीचे अपडेट. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक येते. त्यासाठी २२एच२ हे शेवटचं व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला चालू केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा पैसे भरून. हा काही कायमचा तोडगा नाही, पण मधल्या काळात निवांत विचार करता येतो, म्हणून विंडोज १० वर बसून असाल तर हे आधी करून टाका, बाकीचं वाचन नंतर.

दुसरा रस्ता लिनक्स, विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. लगेच पान उलटू नका, कारण ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं त्यांच्यासाठी हा रस्ता दिसतो त्यापेक्षा खूप सोपा आहे. लिनक्स मिंट घ्या, त्याचं दिसणं विंडोजवाल्याला परकं वाटत नाही, खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. २२ व्हर्जनला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि मशीन फारच म्हातारं असेल तर त्याचीच एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. लिनक्सची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे काहीही न बदलता ट्राय करता येतं. पेन ड्राइव्हवर घ्यायचं, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, विंडोज डिस्कवर आहे तिथेच शांत पडून राहतं. पेन ड्राइव्हवरून थोडं संथ चालेल, त्यावरून मत बनवू नका. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, ब्राइटनेसची बटणं काम करतात का, आणि झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप शुद्धीवर येतो का. हे शेवटचं लोक बघतच नाहीत आणि नंतर तिथेच कटकट होते.

लिनक्स कोणासाठी नाही तेही सांगतो. फोटोशॉपवर पोट असेल तर नाही, एक्सेलचे मॅक्रो लावलेल्या फाइली रोज हाताळत असाल तर नाही, ऑफिसने ठरावीक विंडोज सॉफ्टवेअर सक्तीचं केलं असेल तर नाही. लिनक्सवर ऑफिसच्या जागी वापरायच्या लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फाइली उघडतात, साधं पत्र नीट दिसतं, पण टेबलं आणि चौकटींनी भरलेल्या फाइलीची मांडणी हलते आणि ती फाइल पुढे कोणाला पाठवायची असेल तर डोक्याला ताप होतो.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. ॲपल सपोर्टची शेवटची तारीख आधी जाहीर करून सांगत नाही, पण चाल अशी दिसते की सगळ्यात नवीन आणि त्याआधीच्या दोन मॅकओएसना सिक्युरिटी अपडेट येतात. २०२५ चं टाहो हे मॅकओएस व्हर्जन इंटेल प्रोसेसरवाल्या मॅकसाठी शेवटचं असेल असं ॲपलने स्वतःच सांगितलंय, आणि तेही इंटेलच्या मोजक्याच मॉडेलवर चालतं. २०१७ ची मॅकबुक एअर तर मॉन्टरे या जुन्या व्हर्जनवरच थांबली. मॅकवर अपग्रेड करताना एक गोष्ट आवर्जून बघा, २०१९ च्या कॅटलिना व्हर्जनपासून ३२ बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीची, ॲप चालत नाहीत, त्यामुळे त्याआधीच्या व्हर्जनवरून उडी मारणार असाल तर तुमचं जुनं लाडकं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी उघडणार नाही. ओपनकोअर लेगसी पॅचरने जुन्या मॅकवर नवीन सिस्टीम बसवता येते, पण तीही पळवाटच, वर विंडोजबद्दल म्हटलं तेच इथे.

अपग्रेड करायचं ठरलं तर बॅकअप, हे सगळेच सांगतात आणि सगळेच फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून मोकळे होतात. राहून जातात त्या गोष्टी म्हणजे ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलूकची पीएसटी फाइल, म्हणजे मेलचा साठा, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या की, आणि सगळ्यात महत्त्वाची बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की. ही ४८ आकडी की असते. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो, मग बायोसमध्ये टीपीएमला हात लावला की रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येऊन ती की मागते, आणि की नसेल तर तो डेटा गेला, दुकानदार काय आणि कंपनी काय, कोणीही काढून देऊ शकत नाही. बहुतेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते, आधी लॉगिन करून बघा, कागदावर लिहून ठेवा, मगच बायोसकडे वळा.

डिस्कची तब्येतही आधीच बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं टूल चालवलं आणि गुडच्या जागी पिवळं कॉशन दिसलं तर अपग्रेड रद्द, आधी डेटा बाहेर काढा. अपग्रेडमध्ये काही तास सलग लिहा-वाचायचं काम चालतं आणि मरणपंथाला लागलेली डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते.

आता थेट अपग्रेड का फॉरमॅट मारून नवीन? चालू विंडोज स्वच्छ असेल तर थेट अपग्रेड, सॉफ्टवेअर आणि फाइली जागेवर राहतात. वर्षानुवर्षांचा कचरा साठला असेल किंवा एसएसडी नवीन टाकताच आहात तर कोरं इन्स्टॉल केलेलं बरं, फक्त वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला वायफाय वापरायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर विंडोज टाकून होतं, सेटअप म्हणतं इंटरनेटला जोडा, आणि इंटरनेटला जोडायला लागणारा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो. मूळ विंडोज १० ॲक्टिव्हेट असेल तर त्याच मशीनवर ११ आपोआप ॲक्टिव्हेट होतं, वेगळी की लागत नाही.

थेट अपग्रेड केलं असेल तर परत फिरायला १० दिवस असतात, सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग रिकव्हरीमध्ये गो बॅकचं बटण दिसतं. हे १० दिवस सत्कारणी लावा. प्रिंटर जोडून एक कागद छापून बघा, स्कॅनर असेल तर तोही, ऑफिसचं व्हीपीएन, व्हिडिओ कॉल, फिंगरप्रिंट, बॅटरी किती टिकते ते. आणि सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचा मोठा फोल्डर दिसला की जागा खातोय म्हणून लगेच उडवू नका, डिस्क क्लीनअपमधूनही नाही, कारण मागे जायचा रस्ता त्याच फोल्डरमध्ये आहे. १० दिवस झाले की विंडोज तो स्वतःच काढून टाकतं.